पोलादाला काचेचं वंगण : उझीन-सेझूर्ने पद्धतीचा प्रकरण अभ्यास

शिशाच्या नळ्या दाबून काढायची युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९७ साली तिचं पेटंट घेतलं, १८२० मध्ये थॉमस बरने त्याच कामाला हायड्रॉलिक प्रेस जोडली, आणि १८९४ मध्ये अलेक्झांडर डिकने पितळ तापवून डायमधून, म्हणजे भोक असलेल्या साच्यातून, काढून दाखवलं. पुढे ॲल्युमिनियमही या रांगेत आलं. पोलाद मात्र दाद देईना. अशा रीतीने पोलादी नळ्या काढायचे प्रयत्न झाले, पण लांबी जेमतेम मिळायची आणि डाय बघता बघता खराब व्हायची. ही कोंडी १९४० च्या दशकात फ्रान्समध्ये फुटली. झाक सेझूर्ने यांनी वंगण म्हणून चक्क काच वापरली. त्यांच्या आणि लुई लाबाताय यांच्या नावावरचं अमेरिकी पेटंट जानेवारी १९५१ चं आहे, आणि फ्रेंच आल्प्समधल्या उझीनच्या पोलाद कंपनीचं नाव जोडून ही पद्धत जगभर उझीन-सेझूर्ने म्हणून ओळखली जाते. स्टेनलेस स्टीलच्या जाड भिंतीच्या विनाजोड नळ्या आजही मोठ्या प्रमाणात याच रीतीने बनतात.

गरम घडणीत तापमान आणि घर्षण एकमेकांना कसं धरून असतात हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रेसवर मात्र एकीला हात लावला की दुसरी हलते. सेझूर्नेंनी हे नातं ओळखून त्यालाच कामाला लावलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर बघण्यासारखं आहे.

अडचण नेमकी काय होती

धातू असा डायमधून दाबून काढण्याला एक्स्ट्रूजन म्हणतात. त्याची रचना साधी असते. तापवलेलं बिलेट, म्हणजे धातूचा गोल ठोकळा, जाड भिंतीच्या कंटेनरमध्ये सरकवायचं, मागून रॅमने, म्हणजे प्रेसच्या दट्ट्याने, रेटायचं आणि पुढच्या डायच्या भोकातून सलग दांडा काढायचा. नळी हवी असेल तर मध्ये मँड्रेल, म्हणजे भोक राखणारा दांडा, घालायचा. आपल्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या अशाच निघतात, आणि तिथे गरम बिलेटला सहसा वंगण लावतच नाहीत. बिलेट ४५० ते ५०० अंशांच्या आसपास असतं आणि कंटेनरही जवळजवळ तेवढाच तापवून ठेवता येतो. हत्यारी पोलादाला हे तापमान झेपतं. बिलेटची कातडी कंटेनरला चिकटते, आतला धातू तिच्यातून घसरत पुढे जातो, आणि पृष्ठभाग चकचकीत मिळतो. म्हणजे घर्षण कमाल असूनही काम होतं, कारण दोघांच्या तापमानात फारसा फरक नाही.

पोलादाला ही सोय नाही. ते सहज वाहतं करायचं तर १,१०० ते १,२५० अंशांपर्यंत न्यावं लागतं. कंटेनर आणि डाय ज्या एच-१३ सारख्या हत्यारी पोलादाच्या असतात, त्याचं टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवणं, साधारण ५५० ते ६२० अंशांना झालेलं असतं. त्यावर गेलं की कडकपणा उतरतो आणि तो परत येत नाही. त्यामुळे हत्यार ३०० अंशांच्या आसपास ठेवायचं आणि त्यात १,२०० अंशांचं बिलेट घालायचं, एवढाच मार्ग राहतो. पोलादाला पोलाद थेट टेकलं तर स्पर्शाच्या जागी तापमान लगेच दोघांच्या मध्यावर, म्हणजे ७५० अंशांच्या आसपास येतं. डायच्या दृष्टीने हे फार जास्त आहे आणि बिलेटच्या कातडीच्या दृष्टीने फार कमी. डाय मऊ पडते, कातडी कडक होते. झिजायला याहून वाईट जोडी कुठली असणार?

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय घर्षणाचं वजन कळत नाही. २०० मिलिमीटर व्यासाचं, ६०० मिलिमीटर लांबीचं बिलेट घेऊ. छेद वीसपट कमी करायचा, म्हणजे सुमारे ४५ मिलिमीटरचा दांडा निघेल, लांबी १२ मीटर. घर्षण नसतं तर यासाठी रॅमवर ४०० मेगापास्कल दाब लागला असता असं धरू. आकडा ठोकळ आहे, पण वावगा नाही. आता बिलेट कंटेनरच्या भिंतीला चिकटलंय. मग रॅमला भिंतीलगतचा धातू कातरत पुढे जावं लागतं. तापलेल्या पोलादाची कातरण्याला होणारी रोध-शक्ती ५० मेगापास्कल धरली, तर बिलेटच्या सबंध बाजूच्या पृष्ठभागावर ती लागू होते. हे बळ रॅमच्या तोंडावर वाटलं की जादा दाब निघतो तो त्या रोध-शक्तीची चौपट गुणिले लांबी-व्यास गुणोत्तर. इथे गुणोत्तर ३ आहे, म्हणून ६०० मेगापास्कल. एकूण १,००० मेगापास्कल, म्हणजे सुमारे ३,२०० टनांचा रेटा. यातला निम्म्याहून जास्त नुसता भिंतीशी भांडण्यात गेला.

आणि हा झाला बिलेट गरम राहील तोवरचा हिशेब. भिंतीलगतची कातडी ९०० अंशांपर्यंत उतरली की तिची रोध-शक्ती दुपटीच्या आसपास जाते. जादा दाब १,२०० मेगापास्कलच्या घरात, एकूण १,६००. एवढा दाब ना रॅम सोसेल ना कंटेनर. प्रेस मध्येच थांबते, आणि थांबली की बिलेट आणखी निवतं, आणखी आवळतं. मग ते अर्धवट रेटलेलं बिलेट कंटेनरमधून काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. घर्षणामुळे वेळ लागतो, वेळ लागल्यामुळे तापमान उतरतं, तापमान उतरल्यामुळे घर्षणाचा रोध वाढतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की ऑपरेटरच्या हातात काही उरत नाही.

मग भट्टीच वाढवायची का? हा मोह प्रत्येक शॉपमध्ये होतो. पण वरची हद्दही जवळच असते. दाबून केलेलं जवळजवळ सगळं काम उष्णतेत बदलतं. पोलादाची घनता आणि विशिष्ट उष्णता धरली तर दर ५० मेगापास्कलमागे धातू साधारण १० अंशांनी तापतो. १,००० मेगापास्कल दाब लावला तर ही वाढ २०० अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि घर्षणाचा वाटा तर बरोबर कातडीलगत साठतो, जिथे तडे जायची भीती जास्त. स्टेनलेसमध्ये १,२५० अंशांच्या वर डेल्टा फेराइट (पोलादातली वेगळ्या स्फटिकरचनेची अवस्था) वाढायला लागतं आणि धातूची गरम असतानाची लवचीकता कमी होते. शिवाय कणांच्या सीमांवर कमी तापमानाला वितळणारी अशुद्धी असेल तर बाहेर येतानाच दांडा आडवा फाटतो. भट्टी वाढवून घर्षणावर मात करायला जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ग्राफाइट का पुरलं नाही

गरम कामातलं नेहमीचं वंगण ग्राफाइट. पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फोर्जिंग शॉपमध्ये पाण्यात कालवलेलं ग्राफाइट डायवर फवारतात आणि ते उत्तम चालतं. पण तिथे जॉब डायला टेकतो तो एखाद्या क्षणापुरता. प्रत्येक ठोक्यानंतर डाय मोकळी होते, फवारा बसतो, पाणी उडून जातं, डाय निवते, नवा थर तयार होतो. एक्स्ट्रूजनमध्ये बिलेट काही सेकंद सलग डायवर घासत जातं आणि मध्ये कुठेही नवा थर द्यायला जागा नसते.

त्यातून ग्राफाइट उष्णतेचं चांगलं वाहक. म्हणजे घसरण देताना ते बिलेटची उष्णता डायला पोचवतही असतं. हवेत ५००-६०० अंशांपुढे ते जळायला लागतं, आणि सोबतचं तेल तर त्याआधीच धूर होऊन जातं. स्टेनलेसच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. ग्राफाइटमधला कार्बन तापलेल्या पृष्ठभागात शिरतो आणि गंजरोधकता कमी होते. ज्या नळीत आम्ल वाहणार तिला हे चालत नाही.

वंगणाकडून इथे दोन गोष्टी हव्या होत्या. घसरण हवी, आणि उष्णतेला आडकाठीही हवी. काचेची उष्णतावाहकता तापलेल्या पोलादाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी असते, त्यामुळे दुसरी अट ती सहज पुरी करते. पहिली अट ती ज्या रीतीने पुरी करते, ती या प्रकरणातली खरी गंमत आहे.

काच नेमकं काय करते

काचेला ठरावीक वितळणबिंदू नसतो. तापवली की ती हळूहळू मऊ होत जाते. खिडकीची साधी काच ७२० अंशांच्या आसपास स्वतःच्या वजनाने वाकायला लागते, १,००० अंशांना ती अजून चांगलीच घट्ट असते आणि १,२०० अंशांच्या आसपास तिची विष्यंदता, म्हणजे वाहण्याला होणारा रोध, १०० पास्कल-सेकंदाच्या घरात येते, म्हणजे मधापेक्षा साधारण दसपट दाट. दाबाखाली पिळवटून न जाण्याइतकी दाट, आणि धातूबरोबर पसरत जाण्याइतकी पातळ. पोलाद घडवायचं तापमान आणि काच वंगण व्हायचं तापमान असं जुळून येतं. ते सगळ्या धातूंत आपोआप जुळत नाही. कमी तापमानाच्या कामासाठी बोरॉन किंवा सोडा जास्त असलेली, लवकर मऊ होणारी काच घ्यावी लागते, आणि जास्त तापमानासाठी सिलिका जास्त असलेली. साधारण १० ते १०० पास्कल-सेकंद ही पट्टी साधायची. काच निवडणं म्हणजे तापमान निवडणंच.

आता प्रेसवर काय होतं ते जवळून बघू. भट्टीतून बिलेट निघतं. ते इंडक्शनवर किंवा मिठाच्या द्रवात तापवलेलं असतं, कारण पृष्ठभागावर स्केलची, म्हणजे ऑक्साइडची, खपली धरलेली चालत नाही. खपली कडक असते, आणि ती काचेत मिसळली की पापुद्र्याची अखंडता मोडते. बिलेट एका उतरत्या टेबलावरून गडगडत जातं. टेबलावर काचेची पूड पसरलेली असते, ती तापलेल्या अंगाला चिकटते आणि लगेच वितळून झिलईसारखी पसरते. नळी करायची असेल तर आतल्या भोकातही पूड टाकतात. कंटेनर आणि बिलेटमधलं वंगण हे झालं.

डायच्या तोंडाशी वेगळी व्यवस्था असते. तिथे काचेची पूड दाबून बनवलेली, मध्ये भोक असलेली चकती ठेवतात, साधारण ६ ते १८ मिलिमीटर जाडीची. बिलेटचं तोंड चकतीवर आदळतं. चकतीचा बिलेटकडचा पातळ थर तेवढा वितळतो. डायकडची बाजू घट्टच राहते, कारण काच उष्णता आत जाऊ देत नाही. वितळलेला थर धातूबरोबर डायमधून ओढला जातो, त्याच्यामागचा थर उघडा पडतो, तो वितळतो, तोही जातो. चकती अशी थराथराने स्वतःला खर्ची घालत राहते आणि बाहेर पडणाऱ्या दांड्यावर सुमारे २५ मायक्रॉनचा सलग पापुद्रा चढत राहतो. वंगणाचा पुरवठा कुठल्याही पंपाशिवाय, बिलेटच्या स्वतःच्या उष्णतेवर चालतो. शिवाय चकतीचा न वितळलेला भाग सपाट डायच्या पुढे नरसाळ्यासारखा आकार धरतो, म्हणून धातूला कोपऱ्यात अडकून न पडता गोलाईने वळता येतं.

खर्च किती? वरच्या उदाहरणात ४५ मिलिमीटरच्या १२ मीटर दांड्याचा पृष्ठभाग सुमारे १.७ चौरस मीटर. त्यावर २५ मायक्रॉनचा थर म्हणजे ४२ घन सेंटिमीटर, वजनाने जेमतेम १०५ ग्रॅम. शेकडो टनांची झुंज एवढ्याशा काचेने हलकी होते. घर्षणांक ०.०२ पर्यंत उतरला तर भिंतीवरचा रोध १० मेगापास्कलच्या आसपास राहतो. जादा दाब १२०, एकूण ५२० मेगापास्कल, म्हणजे १,७०० टनांच्या आतच. दाब अर्ध्यावर आला म्हणून आतून तापण्याचं प्रमाणही अर्ध्यावर आलं, त्यामुळे भट्टीचं तापमान हद्दीजवळ नेण्याची मोकळीक थोडी वाढली. घर्षण कमी केलं आणि फायदा तापमानाच्या खात्यात जमा झाला.

धातूच्या वाहण्याची तऱ्हाही बदलते. भिंतीला चिकटलेल्या बिलेटचा गाभा आधी पळतो, कातडी मागे राहते, आणि शेवटी शेवटी मागच्या तोंडाची ऑक्साइड लागलेली कातडी गाभ्यात ओढली जाते. दांड्याच्या शेपटीत पोकळ, मळकट नळीसारखा दोष राहतो. तेवढं टोक कापून भंगारात जातं. काचेमुळे बिलेट जवळजवळ एकसंध पुढे सरकतं आणि हे टोक पुष्कळ आखूड होतं.

वेगाची अरुंद वाट

एवढं सगळं चांगलं जुळलं तरी रॅमचा वेग चुकला की सगळं बिघडतं. या कामात वेग सेकंदाला २०० मिलिमीटरच्या आसपास असतो. आपलं बिलेट ३ सेकंदांत संपतं आणि दांडा सेकंदाला ४ मीटर वेगाने बाहेर येतो. हळू चालवलं तर चकती जास्त वितळते, पापुद्रा जाड होतो, सुरुवातीचा दाब छान कमी दिसतो, पण काच लवकर संपते आणि शेवटचे काही मीटर कोरडेच निघतात. वर बिलेटही निवतं. फार जोरात चालवलं तर काचेला वितळायला वेळच मिळत नाही, पापुद्रा धोकादायक पातळ होतो आणि जिथे तो फाटतो तिथून पृष्ठभागावर तडे सुरू होतात. तापमान वाढवलं तर काच पातळ होऊन तोच परिणाम. म्हणून वेग, तापमान आणि काचेची जात हे तीन निर्णय एकत्रच घ्यावे लागतात. एक बदलून बाकीचे तसेच ठेवायचे, ही प्रयोगाची नेहमीची शिस्त इथे फसवी ठरू शकते.

पद्धतीची किंमतही सांगायला हवी. निघालेल्या नळीवर काच गोठून बसते. पाण्यात बुडवून ती तडकवावी लागते, नाहीतर शॉट ब्लास्टिंग (बारीक पोलादी गोळ्यांचा मारा) किंवा वितळलेल्या कॉस्टिक मिठाचा द्रव, आणि मग आम्लात धुणं. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरलं तर कामगारांच्या सुरक्षेची फार कडक काळजी घ्यावी लागते. या खर्चात कुचराई झालेली पाहवत नाही. पृष्ठभागही ॲल्युमिनियमसारखा चकचकीत येत नाही, धारदार कोपऱ्यांचे आकार नीट भरत नाहीत. बंद डायच्या फोर्जिंगमध्ये काच सरसकट वापरत नाहीत त्याचं कारण हेच, की ती पोकळीच्या कोपऱ्यात साठत जाते. टायटॅनियमच्या जॉबवर मात्र काचेचा लेप देतात, कारण त्याला हवेपासूनही वाचवायचं असतं.

आणि घर्षण प्रत्येक ठिकाणी कमीच हवं, असंही नाही. रोलिंग मिलमध्ये घर्षण नसेल तर रोल पट्टी आत ओढणारच नाहीत. बंद डायमध्ये फ्लॅशच्या, म्हणजे दोन डायच्या फटीतून बाहेर येणाऱ्या जादा धातूच्या, अरुंद पट्टीत घर्षण असतं म्हणूनच धातू बाहेर पळायचं सोडून पोकळीत वर चढतो. कुठल्या पृष्ठभागावर किती घर्षण हवं हे आधी ठरवावं लागतं. ते मोजायची सोपी रीत १९६४ साली मेल आणि कॉकक्रॉफ्ट यांनी दिली. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि उंची ६:३:२ अशा प्रमाणात असलेली कडी गरम करून दाबायची. वंगण चांगलं असेल तर आतलं भोक मोठं होतं, वाईट असेल तर लहान होतं. महागडं यंत्र लागत नाही, कॅलिपर पुरतो. नवं वंगण घेण्याआधी ही चाचणी सरसकट व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दोष वाचायचा कसा

या प्रकरणाचा रोजच्या कामाला उपयोग होतो तो इथे. दांड्याच्या पुढच्याच टोकाला ओरखडे असतील तर सुरुवातीला काच वितळायला वेळ मिळाला नाही किंवा चकती नीट बसली नव्हती. ओरखडे फक्त शेपटीकडे असतील तर काच आधीच संपली, चकती जाड हवी किंवा वेग वाढवायला हवा. आडवे तडे ठरावीक अंतराने दिसत असतील तर तापमान आणि वेग मिळून कातडी हद्दीपलीकडे गेली. लांबीभर एकाच रेषेत ओरखडा असेल तर डायच्या त्या जागी धातू चिकटलाय, आधी डाय तपासावी.

पण दांडा निवेपर्यंत थांबायची गरज नसते. प्रेसवरचा दाबाचा आलेख तेच आधी सांगतो. कंटेनरच्या भिंतीशी घर्षण असेल तर बिलेट जसजसं आखूड होतं तसतसा दाब उतरत जातो, कारण घासणारी लांबीच कमी होत जाते. काचेचा पापुद्रा अखंड असेल तर सुरुवातीच्या उसळीनंतर रेघ जवळजवळ सपाट चालते. सपाट चाललेली रेघ मध्येच वर चढू लागली, तर बिलेट निवतंय किंवा काच संपत आलीय. फरक ओळखायला मागच्या दोन-तीन बिलेटांचे आलेख शेजारी ठेवावेत. चढ प्रत्येक वेळी त्याच जागी येत असेल तर दोष चकतीच्या जाडीत आहे. जागा बदलत असेल तर भट्टीपासून कंटेनरपर्यंत बिलेट न्यायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा.